बर्फातलं जहाज आणि आप्पांची शेवटची साडी

आमच्या घरात डिग्री घेतलेला पहिला माणूस मी. आमच्या वडगावात हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. आप्पांनी हातमागावर साड्या विणल्या, त्यावर माझं कॉलेज झालं आणि पुढं मी जहाजावर अधिकारी झालो. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात गॅस काढतात, त्या तळांना आमचं जहाज पाइप आणि रसद पोचवायचं.

त्या उन्हाळ्यात घरातला शेवटचा माग निघणार होता. आप्पांचे गुडघे गेले होते. जमिनीतल्या ज्या खड्ड्यात पाय सोडून, मागाच्या पावड्या आळीपाळीनं पायांनी दाबत ते जन्मभर बसले, तो खड्डा बुजवून पावसाळ्याच्या आत वर फरशी घालायची होती. मागावर शेवटची साडी चढलेली. आप्पा म्हणाले होते, "मागावरनं कापायची ती तू आल्यावर. तवर हळूहळू विणतो."

माझी मुदत संपत आली होती. बंदर गाठलं की माझ्या जागी दुसरा माणूस चढणार आणि मी घरी. तेवढ्यात वारा फिरला, बर्फाचे तुकडे एकमेकांवर दाबत आले आणि जहाज अडकलं.

इंजिन चालू, पाण्याखाली जहाजाचा पंखा फिरतोय, आणि खिडकीतनं बघावं तर बर्फाचा तोच उंचवटा त्याच जागी. पत्र्याला बर्फ घासायचा तेव्हा दातांत शिरशिरी यायची. सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता, त्यामुळं आजचा दिवस संपला असंही वाटायचं नाही. पहारा, जेवण, झोप, आणि उठलं की परत तोच उंचवटा. सुरुवातीला आम्ही त्याला शिव्या द्यायचो. मग तेही बंद झालं.

घरी फोन लागला तर आईनं उचलला.

"काय रं, निघाला न्हाईस अजून?"

"बर्फात अडकलोय गं."

"इथं आम्ही उन्हानं भाजायलोय आणि ह्यो बर्फात! उतरून ढकला की सगळ्यांनी."

मागून आप्पांचा आवाज आला, "अगं, जहाज हाय ते, टेम्पो न्हवं." मग फोन घेऊन ते हळू बोलले, "फरशीवाला सोमवारी येतो म्हणतोय. त्याला पुढं दुसरी कामं हाईत. मी टीचभर टीचभर विणायलोय. आता लई ताणता येत न्हाय रं."

दुसऱ्या दिवशी जहाजाच्या मागच्या बाजूला बर्फात भेग पडली. काळं पाणी दिसलं आणि सगळे खिडकीला चिकटले. ऑफिसचा निरोप आलाच होता : माल उशिरा चाललाय, जमेल तसं निघा. बर्फ फोडणारं जहाज आमच्याकडं येणार होतं, पण आधी दुसऱ्या एकाला सोडवून.

कॅप्टननी सगळ्या अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांचा एक नियम होता. अशा वेळी सगळ्यात लहान अधिकाऱ्यानं आधी बोलायचं, नाहीतर मोठ्यांच्या मागं सगळे माना हलवतात. सगळ्यात लहान मीच.

"बोल. मागं घ्यायचं की थांबायचं?"

जहाज मागं घ्यायचं म्हणजे पंखा आणि सुकाणू आधी बर्फात घालायचं. सुकाणू वाकलं तर मदत येऊनही आम्ही लुळेच, आणि पोटात टाक्या भरून डिझेल. शिवाय भेगेचं दुसरं टोक धुक्यात होतं. हे सगळं मला पाठ होतं. तरी 'मागं घेऊ' हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पाण्याकडं बघत होतो आणि डोळ्यांपुढं मागावरची साडी होती.

"थांबायचं," मी म्हणालो. "दुसरं टोक दिसत नाही."

चीफ इंजिनियर हसले. "घरी जायची घाई तुलाच होती ना?"

"आहे की. म्हणूनच सकाळपासून 'मागं घेऊ' म्हणावंसं वाटतंय."

बाकीचे बोलले. एकानं मागं घेऊ म्हटलं, दोघांनी थांबू. कॅप्टननी थांबायचं ठरवलं. थोड्या वेळात धुकं जहाजावर उतरलं. भेग मिटली की तशीच राहिली, ते आम्हाला कधीच कळलं नाही. सुटलोही असतो कदाचित.

मी घरी फोन लावला. "आप्पा, कापा साडी."

"येत न्हाईस व्हय?"

"न्हाय जमत."

"बरं. जेवलास?"

मदत आली तेव्हा सोमवार कधीच मागं पडला होता. तिच्या मागून आम्ही बंदराला लागलो, तर माझ्या जागी येणारा माणूस दुसऱ्या जहाजावर गेलेला. मला आणखी एक फेरी करावी लागली.

घरी आलो तेव्हा मागाच्या जागी चकचकीत फरशी होती आणि साडी कपाटावर पेपरात गुंडाळलेली. आप्पा बरोबर त्याच जागेवर खुर्ची टाकून बसले होते. मी साडी उघडून बघत होतो, ते माझ्याशी बोलत होते, आणि खाली त्यांचे पाय आळीपाळीनं फरशी दाबत होते.

आई आतून ओरडली, "आवो, गप बसा की! नवी फरशी हाय, झिजंल."

आप्पांनी पाय थांबवले. जरा वेळानं परत सुरू झाले.