आम्ही उकव्याला जेवायला गेलो

महागाईवर मी शोधून काढलेला उपाय असा होता, की आपण सहकुटुंब बहिणीकडे जेवायला जायचं.

हा उपाय मी कोणाला सुचवत नाही. पण त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या त्या दिवसांत मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या प्राथमिक शाळेच्या गुरुजीला याहून शहाणं काही सुचणं कठीणच होतं. पगार होता तिथेच उभा होता. तेल, साखर, डाळ मात्र दर आठवड्याला नवा भाव सांगत. मंदाच्या आईने (म्हणजे माझ्या बायकोने) आधी तेलाची पळी मांडणीवर चढवून चमचा काढला, मग तो चमचाही तिला मोठा वाटू लागला. वरण इतकं पातळ झालं, की वाटी पुढे आली की त्यात मला माझाच चष्मा दिसायचा.

"हे वरण हाय का पाणी?" मी एकदा विचारलं.

"पाण्याले कोणी फोडणी देते का?" ती म्हणाली. मी प्यालो.

शेवटी मी किराणावाल्यालाच गाठलं. गावात गुरुजींच्या शब्दाला मान आहे अशी माझी तेव्हा समजूत होती.

"भाव काहून वाढवून राह्यले तुम्ही?"

"गुरुजी, मी कुठं वाढवतो? भाव वरून येते."

"वरून म्हणजे कुठून?"

त्याने छताकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिथे एक पाल होती. थोडा वेळ आम्ही दोघे पालीकडे पाहत राहिलो आणि मग मी पावशेर डाळ घेऊन घरी आलो.

मे महिना लागला. शाळेला सुट्टी, मंदा आणि छबी या दोन्ही मुली दिवसभर घरी, आणि रिकाम्या पोटी मुली जेवढ्या वेळा स्वयंपाकघरात डोकावतात तेवढं मांजरही डोकावत नाही. पहिली तारीख आठ-नऊ दिवसांवर असताना मंदाच्या आईने डबे पालथे करून दाखवले. नेमकं त्याच दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं पत्र आलं. तिचे यजमान नामदेवराव उकव्याच्या खाणीत हजेरी लिहायचे. सुमनने लिहिलं होतं, "इकडे सर्व मजेत. जंगलामुळे हवा थंड. यंदा आंबा भरपूर. कोंबड्याही पाळल्या आहेत. वहिनी व मुलींना घेऊन एकदा या."

ते पत्र मी दोनदा वाचलं. कोंबड्यांची ओळ चारदा वाचली.

"जाऊ या," मी म्हणालो.

"मागच्या महिन्यात तं तुम्हीच त्याईले बोलावलं होतं," मंदाची आई म्हणाली. "इथं काही कमी नाही, आठ दिवस राहाले या, असं लिहिलं होतं ना?"

"ते लिहायचं असते. कोणी येत नसते."

"मंग सुमनबाईनं बी तसंच लिहिलं असन."

"सुमन माझ्यासारखी नाही. ती खरं लिहिते."

जाण्याआधी कळवावं असं तिचं म्हणणं पडलं. कळवलं तर ते उगाच तयारी करतील, खर्चात पडतील, असं मी तिला समजावलं. मनातली गोष्ट वेगळी होती. कळवलं तर ते घरी सापडणार नाहीत, अशी मला भीती होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळची बस पकडली. घाटात एका अरुंद वळणावर समोरून बालाघाटकडे जाणारी बस आली आणि दोन्ही बसा एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. दोघे ड्रायव्हर ओळखीचे असावेत. एकाने तंबाखू काढली, दुसऱ्याने चुना, आणि दोन बसभर माणसं त्यांची चोळून व्हायची वाट पाहत बसली.

"बाबा," सहा वर्षांची छबी म्हणाली, "त्या बसमंधी आत्या हाय."

"आत्या उकव्याले हाय. डोकं आत घे."

"आत्याच हाय. केळ खाऊन राह्यली."

"मले बी तिचंच लुगडं वाटलं," मंदाची आई म्हणाली.

"तसली लुगडी बाजारात ढिगानं मिळतात," मी म्हणालो. "अन् पाहा कशी खचाखच भरली हाय ती बस. लोकाईजवळ फिराले पैसे हायेत, अन् म्हणे महागाई."

बसा सुटल्या. छबीने मागे वळून हात हलवला. तिकडूनही कोणीतरी हात हलवला, पण लहान मुलाने हात केला की लोक हलवतातच.

उकव्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. खाणीच्या चाळीतल्या सुमनच्या दाराला कुलूप होतं. दारात चार कोंबड्या मात्र होत्या, म्हणजे पत्रातलं एवढं तरी खरं निघालं. शेजारच्या काकी आम्हाला ओळखून पदर सावरत बाहेर आल्या.

"अरे, वो लोग तो आज सबेरे आपके ही घर गए," त्या म्हणाल्या. "मुझे चाबी दे गए, मुर्गियों को दाना डालने के लिए. बोले, आठ दिन बाद आएँगे."

छबीने माझ्याकडे पाहिलं. मी कोंबड्यांकडे पाहिलं.

परतीची बस दुसऱ्या दिवशी सकाळी होती. काकींनी कुलूप उघडून दिलं, आम्ही आत शिरलो. मुलींना भूक लागली होती, म्हणून मंदाची आई चुलीपाशी गेली आणि डबे उघडू लागली. मी ओसरीवर बसून डब्यांच्या झाकणांचे आवाज ऐकत होतो. एक उघडलं, बंद झालं. दुसरं उघडलं, बंद झालं. मग बराच वेळ आवाज नाही. मी आत गेलो तर ती जमिनीवर बसलेली होती. तिच्यासमोर तेलाची बाटली एका वाटीत पालथी उभी केलेली होती. काचेला चिकटलेलं तेल ओघळून वाटीत यावं म्हणून. वाटीत सुपारीएवढं तेल जमलं होतं.

"मी बी असंच करते," ती हळूच म्हणाली.

साखरेच्या डब्यात बटणं होती. डाळीच्या डब्यात मूठभर डाळ आणि लवंगा. एक तांदूळ तेवढा होता, तोही कणीचा; त्याची पेज करून तिने मुलींना पाजली. खाणीत काम करणाऱ्याच्या घरी बरकत असते असं मी सगळ्या बालाघाटला सांगत आलो होतो. माझी बहीण इतके महिने कशी राहत असेल हे त्या पालथ्या बाटलीने मला सांगितलं, आणि मी परत ओसरीवर जाऊन बसलो.

थोड्या वेळाने मंदाची आई धावतच बाहेर आली.

"अजी, ते आपल्या घरी पोचले असन."

"कुलूप हाय आपल्याले."

"किल्ली चौकटीवर ठेवली हाय. सुमनबाईले माहीत हाय."

"मंग काय झालं? त्याईले तरी काय सापडणार हाय? आपले डबे तं तूच पालथे करून दाखवले."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती, त्यामुळे हे लक्षण मला माहीत होतं.

"तांदळाच्या कोठीत," ती म्हणाली, "खाली, तांदळात पुरून... डाळ हाय. साखर बी हाय. अन् तुपाची बरणी."

"कधीपासून?"

"वरण पातळ केलं तवापासून. पाहुणे आले तं अब्रू जाऊ नये म्हणून ठेवलं."

म्हणजे तीन महिने मी जे पाणी फोडणी देऊन प्यालो, त्याची डाळ माझ्याच घरात, माझ्या उशापासून सहा हातांवर सुखाने झोपली होती. मला राग यायला हवा होता. पण रागवायलाही पोटात काहीतरी लागतं.

संध्याकाळ होत आली तशी माझी नजर कोंबड्यांवर स्थिर झाली.

"नणंदेची कोंबडी?" मंदाच्या आईने नुसतं एवढंच विचारलं आणि आत निघून गेली. मी ते संमतीदर्शक धरलं.

कोंबडी पकडणं हे शिक्षकाचं काम नव्हे. मी धोतर खोचून तांबडी निवडली. तिला बहुधा माझा अनुभव किती आहे ते पहिल्याच उडीत कळलं. ती चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मीही गेलो. ती एकाच्या दारातून शिरून मागच्या दारातून निघाली. मी शिरलो तेव्हा आत एक बाई भाकरी थापत होती, तिला नमस्कार करून मीही मागच्या दारातून निघालो. पोरं जमली. शेवटी कोंबडी कौलांवर चढली आणि माझ्या खांद्यावर खाणीच्या चौकीदाराचा हात पडला.

"किसकी मुर्गी है?"

"मेरी बहन की."

"बहन कहाँ है?"

"मेरे घर."

"और आप?"

"उसके घर."

चौकीदाराने यावर बराच विचार केला. मग तो म्हणाला, "चलो, ऑफिस में चलके बताओ."

शेजारच्या काकी मध्ये पडल्या म्हणून ऑफिस टळलं. त्यांनी सगळ्या चाळीला मोठ्याने समजावून सांगितलं, की हे बालाघाटचे मोठे गुरुजी आहेत, चोर नाहीत, फक्त भुकेले आहेत. चोर म्हटलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

त्यानंतर अर्ध्या तासात घरोघरून वाट्या येऊ लागल्या. कोणी कढी आणली, कोणी भात, भाकरीवाल्या बाईने दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा. त्या वाट्या कोणत्या डब्यांतून भरल्या असतील याचा विचार मी केला, पण जेवण झाल्यावर केला. कढी फार चांगली होती.

सकाळच्या पहिल्या बसने आम्ही बालाघाटला परतलो. घराच्या दारातच तुपाचा वास आला. नामदेवराव माझ्या आरामखुर्चीत बसले होते, त्यांची दोन पोरं अंगणात खेळत होती आणि सुमन चुलीपाशी होती.

"दादा, तू लिहिलं तसंच हाय इथं," ती आनंदाने म्हणाली. "काहीच कमी नाही. वहिनी, तांदूळ काढाले कोठीत हात घातला तं हाताले तुपाची बरणी लागली."

"तुमचं बरं हाय, गुरुजी," नामदेवराव म्हणाले. "मी हिले म्हटलं, चार दिवस जास्तच राहू."

पानं वाढली गेली. वरण घट्ट होतं. ते भातावरून ओघळत नव्हतं, जागेवर बसून होतं. मी खाली मान घालून जेवू लागलो.

"पण तुम्ही होते कुठं?" सुमनने विचारलं.

"उकव्याले," छबी म्हणाली. "बाबा तुझी कोंबडी धरत होते. चौकीदारानं बाबालेच धरलं."

सुमनचा वाढता हात तसाच राहिला. आम्ही तिच्या घरात राहून आलो, म्हणजे काय काय पाहिलं असेल ते तिला कळलं. तिचे डोळे भरून आले.

"मंग माहे डबे पाह्यले तुम्ही," ती म्हणाली.

"हौ, पाह्यले," मंदाची आई म्हणाली, आणि तुपाची बरणी तिच्या हातातून घेऊन, तिला पानावर बसवून तिच्याच भातावर धार धरली. "तुम्ही आमच्या इथं काहून आल्या, ते बी समजलं. आम्ही बी त्याच्याचसाठी गेलतो. जेवा आता."

सुमन आधी रडली, मग हसली, आणि मग दोघी नणंद-भावजय इतक्या हसू लागल्या की नामदेवरावांना ठसका लागला. मी पाणी दिलं. त्यांच्या नजरेला नजर देण्यापेक्षा ते सोपं होतं.

पाहुणे आठ दिवस राहिले. तांदळाची कोठी तळापर्यंत रिकामी झाली. जाताना बहिणीला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून नवा पगार हातात पडताच मी तिला लुगडं घेतलं, पोरांना कपडे घेतले, आणि सगळ्यांना बसची तिकिटंही काढून दिली.

जुलैत शाळा उघडली. चौथीच्या वर्गाला गणितात नफा-तोटा शिकवायचा होता. मी हेडमास्तरांकडे गेलो आणि म्हणालो, यंदा हा धडा दुसऱ्या कोणा गुरुजींनी घेतला तर पोरांचं भलं होईल.