घासूनपुसून काढलेली किंकाळी

मुलगी लॅपटॉपवर माझा जुना भयपट बघत होती. उन्हाळी शिबिर, तळं, पोरापोरींना मारत सुटलेला बुरखेवाला. सगळं स्वस्तात उरकलेलं. बुरख्यात मी होतो, याचं तिला भारी कौतुक.

कॅसेटवर हे सगळं काळपट दिसायचं, वर खरखर. सीडीत जरा उजळलं. आता कुणीतरी घासूनपुसून नवी आवृत्ती काढलीय, तिच्यात तळ्यावरचे तरंगही वेगवेगळे दिसतात. गेलेलं हळूहळू अंधुक होतं म्हणतात. हे मात्र दर आवृत्तीला माझ्या आणखी जवळ सरकतं.

तळ्याचा प्रसंग आला. बुरखेवाला नायिकेचं डोकं पाण्यात दाबतो.

"बाबा, काय किंचाळते ही!" म्हणत मुलीने आवाज वाढवला. मग मागे नेऊन पुन्हा ऐकलं. "ही 'अरे, खरंच सोड' म्हणतेय का?"

ती नटी त्या दिवशी वाचली, पण पुन्हा कधी पाण्यात उतरली नाही. बुरख्यात ऐकू आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

"हो," मी म्हणालो. "मला तेव्हाही ऐकू आलं होतं. शॉट छान चालला होता."

मुलीने चित्र थांबवलं. ती माझ्या हातांकडे बघत होती.