फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

माझं अक्षर चांगलं होतं, तेच नडलं.

आणीबाणीच्या आसपास बाप गेला आणि आईनं मला इगतपुरीकडच्या आमच्या गावातून नाशिकच्या एका बालाश्रमात घातलं. 'पोर शिकंल', एवढंच तिला कळत होतं. तिथल्या मास्तरांनी तिचा अंगठा घेतला आणि दोनच महिन्यांत आम्हा आठ-दहा मुलींना निफाडकडच्या एका द्राक्षबागेवर धाडलं. शेतीचं शिक्षण म्हणे! डोंबलाचं शिक्षण. दिवसभर मान वर करून घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढायचे. लहान बोटं आत बरी शिरतात ना!

महिन्याला मास्तर यायचे, पोस्टकार्डं वाटायचे आणि मजकूर सांगायचे. मी खुशाल आहे, अभ्यास चांगला चालला आहे. गावात कुणीतरी ते आईला वाचून दाखवायचं आणि ती निर्धास्त व्हायची. मग ती येणार कशाला?

मला ती यायला हवी होती. बस्स.

माझं अक्षर चांगलं म्हणून सगळ्यांचे पत्ते मीच लिहायचे; एकदा कार्डं पेटीत टाकायलाही मलाच पाठवलं. माणूस गेल्याचं पत्र आमच्याकडे कोपरा फाडून पाठवतात. ते आलं की लोक हातातलं काम टाकून धावतात, हे मी पाहिलं होतं. मी माझ्या कार्डाचा कोपरा फाडला. दहा वर्षांची अक्कल ती!

पुढचं मला फार उशिरा, आईकडून कळलं. तिला कार्ड पाठवणारी मी एकटीच. कोपरा बघूनच तिनं हंबरडा फोडला. असलं पत्र घरात नेत नाहीत, म्हणून उंबऱ्याबाहेरच फाडून टाकलं. वाचून घ्यायचं भानच कुठलं? तशीच धावली, पण आश्रमात. बागेचं तिला ठाऊकच नव्हतं.

"माझी पोर कशानं गेली हो?" तिनं मास्तरांना विचारलं.

पोर जिवंत आहे म्हटलं तर ती कुठंय हे दाखवावं लागलं असतं. नीच माणूस. म्हणाला, "तापानं." आणि आणखी एक अंगठा घेतला.

पुढं माझं कार्ड मास्तर लिहून घ्यायचे, पण पेटीत कधी पडू दिलं नाही; इकडे मी रोज रस्त्याकडे बघत होते. सहा वर्षं.

सोळाव्या वर्षी पळून गावी गेले. आई आधी भिऊन मागे सरली, मग माझं तोंड चाचपत रडत बसली. सगळं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "मंग त्यो कोपरा कोनी फाडला गं?"

"मास्तरांनी," मी म्हणाले.

मरेपर्यंत ती म्हणत राहिली, "ज्यानं फाडला त्याचे हात झडतील." मी तिच्या पायांना तेल चोळत ऐकून घ्यायचे.