आमटीतला गूळ

ह्यांच्या लघवीत साखर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आम्ही ठाण्याला कोपरीत एका चाळीत राहत होतो. रोज सकाळी इन्शुलिनची सुई घ्यायची होती. ती टोचायला शेजारच्या खोलीतली नर्स यायची. तिशीची, एकटी, इस्पितळाच्या पांढऱ्या साडीत तरातरा चालणारी. शेजारधर्म म्हणून यायची, आणि मला तेच जास्त खुपायचं.

मी पंधरा वर्षं कानीकपाळी ओरडत होते, जेवणावर लाडू नकोत, सकाळी जरा पाय मोकळे करा. हे ढिम्म हलले नाहीत. तिनं एकदाच सांगितलं आणि हे पहाटे खाडीपर्यंत चालून येऊ लागले, बिनसाखरेचा चहा पिऊ लागले. बाई म्हणतात भात कमी करा. बाई म्हणतात आमटीत गूळ नको. माझ्या स्वयंपाकघरात बाईंचा हुकूम चालायला लागला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

सुईआधी ती काचेच्या नळीत निळं औषध घालून त्यात ह्यांची लघवी उकळायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर भरपूर. महिन्याभरात तो निळा राहू लागला. नळी उजेडाला धरून दोघं असे हसायचे, जसं काही पोरगं पहिल्या नंबरानं पास झालंय. मी चुलीपाशी बसून ते ऐकत असे.

एक दिवस मी आमटीत गुळाचा खडा टाकलाच. सुपारीएवढा. हे भुरका मारून म्हणाले, "आज आमटी जमली हं." किती महिन्यांनी माझ्या वाट्याला कौतुक आलं होतं. मग खडा लिंबाएवढा झाला, गोडवा झाकायला मी कोकमं वाढवली. नळी हिरवी झाली, पिवळी झाली, शेवटी विटकरी. तिचा चेहरा उतरला आणि, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

डॉक्टरांनी इन्शुलिन वाढवलं तेव्हा मात्र मी घाबरले. त्याच दिवशी गूळ बंद केला. चूक निस्तरली असं समजून मी निर्धास्त झाले. सुई वाढलेलीच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी जेवणाआधी ह्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध झालं. माझी हाक ऐकून ती धावत आली आणि साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं ह्यांना पाजलं. पाव तासानं हे माणसात आले.

ती भिंतीला टेकून खाली बसली. "वहिनी, माझंच चुकलं असणार. सुईत जास्त भरलं असेल मी." तिला रडू आवरेना.

गुळाचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात हे तिला म्हणाले, "बाई, मनाला लावून घेऊ नका. तुमच्या हातून चूक होणारच नाही." इतक्या मऊ आवाजात हे माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी साखरेचा डबा उचलून जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आता हाताचा भरवसा वाटत नाही म्हणाली. महिन्याभरात इस्पितळातली नोकरीही सोडली आणि आंबिवलीला भावाकडे राहायला गेली. सुई टोचायला मी शिकले.

हे हयात असेपर्यंत मी गुळाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर हे तिला परत आणायला आंबिवलीला गेले असते.