शंभरात तेवीस

त्सोन्का मावशींनी चाळीस वर्षं लोकांचे झगे शिवले. बुल्गारियातल्या आमच्या डोंगरगल्लीत त्यांच्या हातचा घेर कधी एका बाजूला लोंबला नाही. गेंचेवनं त्यांना ‘शिंपीण, तिला काय कळतंय’ म्हटलं, तेव्हाच मी ओळखलं, हा आता सुटत नाही.

गेंचेव समोरचा. घराखाली गॅरेज हवं म्हणून त्यानं ओळखी लावून गल्लीच दोन हात खाली खोदून घेतली. त्याची काळी गाडी सपाट आत. मावशींच्या अंगणातून रस्त्यावर उतरणारी गाडीवाट मात्र घसरगुंडी झाली. मावशींच्या नवऱ्याला, ल्युबेन काकांना अर्धांगवायू झालेला, चाकाची खुर्ची. रोज चौकात सोंगट्या खेळायला जाणारा माणूस अंगणात अडकला.

तक्रारीवर पालिकेनं कळवलं: उतार बारा टक्के, नियमात.

“कुठून मोजला? खिडकीतून?” मावशी म्हणाल्या. त्यांनी दोन मीटरची फळी आणली, वरचं टोक वाटेवर टेकवलं, फळीवर राकियाची, आमच्या गावठी दारूची बाटली आडवी ठेवली. खालचं टोक मी उचलून धरलं.

“थोडं खाली. अजून. बुडबुडा मध्ये आला की थांब.”

गळ्यातली टेप काढून त्यांनी फळीखालचं अंतर घेतलं. सेहेचाळीस सेंटिमीटर.

“दोनशेत सेहेचाळीस. शंभरात तेवीस. पूर्वी आठ होता. लिही.”

मी चार अर्ज लिहिले. एकाचंही उत्तर नाही. पाचवा लिहायला घेतला, तर मावशींनी कागद ओढला. “अर्ज फाडता येतो. आमच्याकडं काय फाडत नाहीत?”

मृत्यूचा कागद. फाटकावर, खांबावर चिकटवला की ऊनपावसानं गळेपर्यंत तिथंच. फाडणाऱ्याच्या घरी पुढचा लागतो, हे गेंचेवच्या आईनंच त्याला शिकवलेलं.

मी छापला. काळी चौकट, वर गाडीवाटेचा जुना फोटो. ‘दुःखद निधन. आमची लाडकी वाट, वय एकतीस, उतार आठ टक्के. गेंचेव यांच्या गॅरेजपायी गेली. मागे उतार तेवीस टक्के आणि ल्युबेन.’ अकरा चिकटवले. एक बरोब्बर गेंचेवच्या फाटकावर.

तो तणतणत आला. “काढा हे.”

“काढ की. हात आहेत ना तुला?” मावशी दारातून हलल्या नाहीत.

चाळिसाव्या दिवशी रीतीचा नवा कागद लागला; पुढचा सहा महिन्यांनी लागतो. मावशींनी रीतीप्रमाणे गहू शिजवून साखर घालून गल्लीभर वाटले. म्हाताऱ्या गेंचेवबाईंनी वाटी घेतली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि लेकाला सगळ्यांदेखत सांगितलं, “या फाटकातून मी येत नाही. बहिणीकडं चालले. वाट जिवंत कर, मग न्यायला ये.”

सहा महिन्यांचा कागद लागायच्या आत भरावाचे ट्रक आले. गल्ली पुन्हा दोन हात वर आली. मावशींनी फळी लावली: सोळा. शंभरात आठ. काका त्याच दुपारी चौकात गेले.

मी म्हटलं, “झालं मावशी, आता सोडा.”

“थांब.” त्या फळी घेऊन गेंचेवच्या गॅरेजसमोर गेल्या. त्याला आता आत खोल उतरावं लागत होतं. “बावन्न. शंभरात सव्वीस.” टेप गळ्यात टाकली.

आता रोज सकाळी आठला त्या अंगणात कॉफी घेऊन बसतात. त्याच्या गाडीचं पोट कडेला खरवडलं की मगच पहिला घोट.