आबांचा आवाज आणि पुढचा माइक

कॉम्प्युटरच्या बोर्डावर, पिनांच्या एका दुहेरी ओळीवर, दोन इवल्या काळ्या टोपड्या होत्या. पेनाला टोपण असतं तशा धूळ बसू नये म्हणून घातल्या असतील, असं समजून मी त्या चिमट्यानं उपटल्या आणि केरात टाकल्या. तेव्हापासून स्पीकर मुके झाले. माझ्या तांत्रिक ज्ञानाचा आरंभ हा असा.

साल नव्व्याण्णव. सांगलीत आमच्या दोन खोल्यांत मी सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडला होता आणि ऑफिसात त्याबद्दल जरा जास्तच बोलत होतो. डब्याच्या पुढच्या अंगाला माइक आणि हेडफोनची दोन सॉकेटं होती. त्यांच्या बारीक वायरी आत लोंबत होत्या, त्या मोकळ्या केलेल्या पिनांवरच बसवायच्या; प्रत्येकीच्या टोकाला मुंगीएवढं इंग्रजी. कुठली वायर कुठल्या पिनेवर, याची आकृती पुस्तिकेत होती. ती मी उलटी धरली होती की सुलटी, देव जाणे.

घाई होती ती आबांमुळे. आबा म्हणजे माझे वडील. मूळचे उंब्रजकडचे, पण उभा जन्म सांगलीत हळदीच्या सौद्यात बोली पुकारण्यात गेला. पोत्यांच्या थप्पीपलीकडचा व्यापारीसुद्धा वळून बघायचा, असा आवाज. त्याच घशात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशन सोमवारी. रविवारी दुपारी मी म्हणालो, "आबा, तुमचा आवाज यात भरून ठेवू. परत आलात की तुम्हालाच ऐकवतो."

"म्हंजे मी डब्यात आन तुमी भायेर व्हय?" आबा हसले. "लाव रं तुझं यंत्र."

आई जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. आबा कॉटवर बसले. बायको खाली गवारीच्या शेंगा मोडत बसली. माइक मी ऐटीत पुढच्या सॉकेटात खुपसला. पडद्यावरची हिरवी रेघ थरथरायला लागली तसा मी खूश झालो. ऐकून बघायला स्पीकर चालत नव्हते. पण आवाज आत तर जातोय, बाहेर सावकाश काढू, हे माझं शहाणपण. आबा तासभर बोलले.

तीन आठवड्यांनी ते घरी आले ते गळ्याला भोक आणि हातात पाटी घेऊन. मी कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माणसाला बोलावून आणलं. त्यानं माझ्या वायरी काढल्या, तशाच दोन टोपड्या पिनांवर बसवल्या, आणि स्पीकर बोलू लागले. मी आबांना समोर बसवलं. बटण दाबलं.

घर्रर्र.

पुढं सरकवलं. घर्रर्र. शेवटापर्यंत नेलं, तरी तेच.

"माइकची वायर एक पिन सोडून बसली होती साहेब," तो माणूस खालच्या आवाजात म्हणाला. "ही नुसती विजेची घरघर. मागचं सॉकेट चांगलं होतं की. पुढं कशाला लावला?"

पुढं लावला की झोकात दिसतो म्हणून. हे त्याला कसं सांगणार?

आबांनी पाटी मांडीवर ओढली आणि लिहिलं, "लय भारी बोललो की रं." मग माझ्याकडं बघून हसले. हसताना खांदे हलले, आवाज आला नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसलो. बायको भाकरी थापत होती.

"सगळं गेलं गं," मी म्हणालो. "तासभर बोलले होते. एक शब्द उरला नाही."

"उरला नाही कसा? मी होते की तिथं." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "शेवटी त्यांनी आईंचं नाव घेतलं. जन्मभर नुसतं 'आगं' म्हणून हाक मारली, त्या दिवशी नावानं बोलले. आठवतंय का?"

मला आठवत नव्हतं.

"कसं आठवेल? तुम्ही पडद्याकडं बघत होता," ती म्हणाली. "नाव घेतलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली गेला. आणि तुम्ही म्हणालात, 'आबा, जरा माइकजवळ.'"