देवमाशाच्या तासाला शेळी

समुद्र मी पाहिला तो निवृत्त झाल्यावर. त्याआधी कित्येक वर्षं बोरीच्या शाळेत तो शिकवत होते, आणि काय तोऱ्यात. कडक इस्त्रीची साडी, मनगटावर उलटं घड्याळ आणि फळ्यावर देवमासा म्हणून काढलेलं भलंमोठं वांगं, डोक्यावर कारंजं. हा मासा नाही, सस्तन प्राणी आहे, पिलांना दूध पाजतो, असं टाचा उंच करून सांगायची. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मंग समुद्रात धार कोन काढतं?" वर्ग हसला. मला तो माझा अपमान वाटला आणि विचारणाऱ्याला तास संपेपर्यंत अंगठे धरायला लावले. त्या खोलीत एकच डोकं चालत होतं आणि तेच मी वाकवून ठेवलं होतं.

आता पालमजवळच्या आमच्या गावी सुनेच्या हातचं खाऊन असते. गेल्या पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, गावच्या शाळेचे मुख्याध्यापक घरी आले. माझाच जुना विद्यार्थी.

"बाई, पर्यावरणाचा कार्यक्रम हाय. समुद्रातले सस्तन प्राणी आन प्लास्टिक, असा विषय वरून आलाय. तुमीच घ्या तास."

"वरून म्हणजे आभाळातून का रे?"

"तालुक्याहून, बाई. साहेब येनार हायेत फोटोला."

गेले. माझ्या डोक्यावर फ्लेक्सवरचा निळाशार डॉल्फिन, हातात चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फुलं, साहेबांपुढे पाण्याच्या एवढ्याएवढ्याशा बाटल्या. पंगतीत ताटावर बसवून उपासाचं महत्त्व सांगायला बोलवावं, तशातली गत. पुष्पगुच्छ मी सरळ खुर्चीखाली सरकवला आणि शिकवायला लागले.

देवमासा, डॉल्फिन ही आपल्यासारखी हवेवर जगणारी जनावरं. श्वासाला वर यावंच लागतं. टाकून दिलेल्या जाळ्यात अडकलं की वर येता येत नाही, आणि जन्मभर पाण्यात राहिलेला जीव पाण्यातच बुडून मरतो. काही जनावरं पाण्यात तरंगणारी पिशवी भक्ष्य समजून गिळतात. ती पचत नाही, पुढंही सरकत नाही. पोट भरलेलं राहतं, त्यामुळं खाणं सुटतं. देवमाशाचं पोटही शेळीसारखंच कप्प्याकप्प्यांचं असतं. पोट गच्च भरलेलं, आणि तो उपासमारीनं मरतो.

आठवीतली एक मुलगी उठून उभी राहिली. शेरडं-मेंढरं पाळणाऱ्या घरची.

"बाई, आमची शेळी खाईना झालीय. पोट नगाऱ्यावानी फुगलंय आन अंगानं वाळायलीय. आई म्हनती नजर लागली. मला वाटायलंय, ह्या देवमाशावानीच झालं असंल."

"खाली बस," मुख्याध्यापक म्हणाले. "विषय समुद्राचा चालू हाय. शेळीचं नंतर."

मला असा संताप आला की काय सांगू. कधी न पाहिलेल्या देवमाशासाठी हळहळायला साहेब तालुक्याहून आले होते, आणि वेशीतल्या शेळीसाठी हळहळायला विषय मंजूर नव्हता. मी खडू ठेवला.

"साहेब, फोटो काढायचा तर मोकळ्या खुर्चीचा काढा," म्हटलं आणि मुलीला घेऊन निघाले.

तिच्या आईनं शेळीवरून मीठ-मिरच्या उतरून टाकल्या होत्या. मला पाहून म्हणाली, "आजी, तिच्याच दुधावर धाकटं पोसायलंय. ती गेली तर मी लेकराला काय पाजू?" लेक म्हणाली, "आई, नजर न्हाई. पोटात पिशव्या हायेत." आईनं वाद घातला नाही. शेळी ऑटोत घातली आणि पालमच्या जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी पोट चाचपलं, मान हलवली आणि कापलं.

आतून जे निघालं ते मी शिकवलं होतं, पण पाहिलं नव्हतं. कॅरीबॅगांचा पिळलेला, काळपट, हिरव्या चोथ्यानं माखलेला गोळा. काहींच्या गाठी जशाच्या तशा. एका गाठीत पोळीचा तुकडा.

ही गाठ आमच्याकडची प्रत्येक बाई ओळखते. पितरपाटात गायीचा घास म्हणून पोळ्या, भात, वडे पिशवीत घालून वेशीपाशी ठेवायचे. कुत्र्यानं तोंड घालू नये म्हणून घट्ट गाठ मारायची. कुत्र्याला न सुटणारी गाठ गायीला कशी सुटावी? ती पिशवीसकट गिळते. आणि आम्ही हात जोडून घरी येतो, पितर तृप्त झाले म्हणून. जे उरतं ते ओढ्यानं गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, आणि तिथून थेट समुद्राला.

डॉक्टर म्हणाले, रवंथ करायला लागली तर वाचली.

दोन-तीन दिवसांनी तो गोळा बादलीत घालून मी शाळेत गेले. दारातच मुख्याध्यापक आडवे आले.

"बाई, वास यायलाय. आन समुद्राचा विषय अर्धाच राहिलाय."

"तोच पुरा करायला आलेय. बाजूला हो."

टेबलावर मांडून एकेक पिशवी उलगडली. लाल फुलांची निघाली तसं पुढच्या बाकावरची पोरगी हळूच म्हणाली, "ही आमच्या दुकानाची." मी म्हटलं, "आमच्याही घरात आहे. माझी सून त्यातच भात ठेवते." कुणी हसलं नाही. मग एकानं विचारलं, "बाई, देवमाशाला टाके कोन घालतं?"

 या खेपेला अंगठे कुणाला धरायला लावू?

"कुणी नाही," म्हटलं. "तो किनाऱ्याला लागेपर्यंत कुणाला कळतही नाही."

तेवढ्यात शेळीवाली मुलगी दारात आली. सकाळपासून वर्गात नव्हती, आणि का नव्हती ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"रवंथ करायलीय, बाई," म्हणाली. "आत्ता बघून आले. लय हळू, पर करायलीय."

वर्गानं श्वास सोडला. ती जागेवर बसली नाही.

"पर आज सर्वपित्री हाय. आमच्या शेळीला आई बांधून ठिवनार. गावातल्या गायांना कोन बांधंल? सांजच्याला वेस पिशव्यांनी भरंल."

पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी बादली उचलली.

"दप्तरं राहू द्या. घरी जा आणि पोळ्या पिशवीतून बाहेर काढा. पत्रावळीवर ठेवा, नाहीतर आपल्या हातानं गायीला चारा. पितरांना हाताची लाज नसते."

"आन आई वरडली तर?"

"सांगा, त्या म्हातारीनं सांगितलं. मला शिव्या घालायला गावातल्या सगळ्या बायकांना आवडतं, तेवढ्यानं त्यांचंही पोट भरेल."

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, अजून चौथा तास राहिलाय."

"हाच चौथा तास," म्हटलं. "तूही घरी जा. तुझी बायको गाठ मारत असेल."